पकड किती पक्की? – कबड्डीतील बचावपटूची पारख

दिवाळी आटोपली आणि धान कापणीला आले, की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. पवनी तालुक्यातील आसगावही याला अपवाद नाही. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक, आणि या दोहोंच्या मध्ये कोठेतरी कबड्डीचे सामने. मी पेशाने भौतिकीचा अध्यापक. खेळाडू म्हणून माझी कारकीर्द नववीत घोटा मुरगळला त्या दिवशीच संपली. पण सामना पाहताना वही-पेन्सिल हातात धरण्याची खोड मात्र सुटली नाही. चढाईपटूचे गुण सगळेच मोजतात. मी बचावपटूंचे मोजतो, कारण तेथे मोजणे अवघड आहे.

याच वहीमुळे दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक गोष्ट घडली. एका शाळेचा सतरा वर्षांखालील संघ निवडायचा होता. डाव्या कोपऱ्याची एकच जागा आणि मुले दोन. त्यांना आपण ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. क्रीडाशिक्षकांनी माझी वही मागितली. अ ने पकडीचे १२ प्रयत्न केले होते, त्यांतले ८ साधले होते. ब ने ५० प्रयत्न केले होते, साधले २४. मी सर्वांसमोर भागाकार केला : अ चे ६७ टक्के, ब चे ४८ टक्के. अ ची निवड झाली. ब चे वय पाहता त्या गटातली ती त्याची शेवटची संधी होती.

घरी परत येताना मला जाणवले, की हेच माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत केले असते, तर मी त्याचे गुण कापले असते. मोजमापाबरोबर त्यातील त्रुटी न लिहिणे हा प्रयोगशाळेतला अपराधच आहे. तो मी कसा केला, ते पाहू.

नाणे आणि पकड

एक रुपयाचे नाणे घ्या. ते १२ वेळा उडवा आणि छापे किती पडले ते लिहा. असे वर्गातील प्रत्येकाने करावे. नाणे खरे असेल तर सरासरीने ६ छापे पडायला हवेत. पण कित्येकांना ८ किंवा त्याहून अधिक छापे पडलेले दिसतील. गणिताने पाहायचे तर १२ फेकींचे एकूण ४०९६ क्रम संभवतात आणि त्यांतील ७९४ क्रमांत ८ किंवा अधिक छापे असतात. म्हणजे सुमारे पाचांत एक! आता अ ची खरी क्षमता निम्म्या पकडी साधण्याइतकीच आहे असे समजा. तरीसुद्धा १२ पैकी ८ पकडी साधण्याचा योग त्याला पाचांतून एकदा सहज येईल. तो योग मी त्याचे कौशल्य म्हणून वाचून दाखवला.

सांख्यिकीत यासाठी एक साधे सूत्र आहे. यशाचे प्रमाण p आणि प्रयत्नांची संख्या n असेल, तर प्रमाण त्रुटी √[p(१−p)/n] इतकी येते. (p हे अक्षर गणितात रूढच आहे, त्याला ‘प’ म्हटले तरी चालेल.) अ साठी ही त्रुटी जवळजवळ १४ टक्के येते, ब साठी ७ टक्के. दोन्ही बाजूंना दुप्पट त्रुटी सोडली, तर अ ची खरी टक्केवारी ४० ते ९४ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते आणि ब ची ३४ ते ६२ यांच्या दरम्यान. दोन पट्टे एकमेकांवर चांगलेच चढले आहेत. ‘अ सरस’ हे वाक्य या आकड्यांतून निघत नाही.

कोणत्या वेळची पकड?

दुसरी चूक अधिक गंभीर होती. सगळ्या पकडी मी एकाच मापाने मोजल्या.

मैदानावर सात बचावपटू असताना केलेली पकड आणि तिघेच उरले असताना केलेली पकड, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वेळी पकड साधली तर संघाला १ गुण. फसली तर निदान १ गुण प्रतिस्पर्ध्याला आणि आपला गडी बाहेर. नफा-तोटा सारखा, म्हणून निम्म्याहून अधिक वेळा यश येत असेल तरच तो प्रयत्न लाभाचा. मात्र तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना साधलेली पकड ही ‘अव्वल पकड’ ठरते आणि तिचे २ गुण मिळतात. यशाची संभाव्यता p धरली तर सरासरी लाभ २p − (१−p), म्हणजे ३p − १. तो शून्याच्या वर राहण्यासाठी p फक्त एक-तृतीयांशाहून मोठी हवी. (लोण जवळ आलेला असतो, त्याचे दोन गुण जाण्याचा धोका वाढतो, म्हणून प्रत्यक्षात हा उंबरठा जरा वर सरकतो.)

म्हणजे ४० टक्के यश देणारा बचावपटू भरल्या मैदानावर तोट्याचा, आणि तिघेच उरले असताना तोच फायद्याचा!

आता वही पुन्हा उघडू. ब च्या ५० प्रयत्नांपैकी २० प्रयत्न तीन किंवा कमी गडी असतानाचे होते; त्यांत ८ साधले. हिशेब केला तर १६ गुण मिळाले, १२ गेले. उरलेल्या ३० प्रयत्नांत १६ साधले, म्हणजे ५३ टक्के. अ चे सर्व १२ प्रयत्न मात्र भरल्या मैदानावरचे. तेव्हा तुलना करायचीच तर ६७ ची ५३ शी करायला हवी होती, ४८ शी नव्हे.

त्यातही १२ ही संख्या लहानच. येथे एक युक्ती वापरता येते. भरल्या मैदानावर आमच्या संपूर्ण संघाची टक्केवारी ४५ होती. प्रत्येक मुलाच्या खात्यात सरासरी गड्याचे २० काल्पनिक प्रयत्न आणि त्यांतील ९ यश आधीच जमा आहे असे धरू. मग अ चे होतात ३२ पैकी १७, म्हणजे ५३ टक्के. ब चे ५० पैकी २५, म्हणजे ५० टक्के. वीसच का, दहा का नाही, असे तुम्ही विचाराल. तो अनुभवाचा अंदाज आहे; दहा घेऊनही करून पाहा. प्रयत्न थोडे असले तर आकडा सरासरीकडे जास्त ओढला जातो, पुष्कळ असले तर कमी. १४ टक्क्यांचे अंतर ३ टक्क्यांवर आले, आणि कठीण प्रसंगी ब ची परीक्षा झालेली होती, अ ची झालेलीच नव्हती.

घोटाच का धरतात?

आकड्यांच्या मागे शरीरे असतात, आणि शरीरांना न्यूटनचे नियम चुकत नाहीत. समजा, ७० किलोग्रॅमचा चढाईपटू सेकंदाला ३ मीटर वेगाने मध्यरेषेकडे परततो आहे. त्याची गतिज ऊर्जा ½ × ७० × ३² = ३१५ ज्यूल. त्याला अर्ध्या मीटरात थांबवायचे, तर सरासरी ६३० न्यूटन बल हवे. बचावपटूही ७० किलोग्रॅमचाच धरू. त्याचे पाय आणि मैदान यांमधील घर्षण गुणांक ०.७ असेल, तर त्याला मिळणारे घर्षण जास्तीत जास्त ०.७ × ७० × ९.८, म्हणजे सुमारे ४८० न्यूटन. याच्या पुढे तो स्वतःच घसरत जाणार. शिवाय चढाईपटूही पायाने जमीन मागे रेटतोच आहे, आणि त्याचे वजन तेवढेच असल्याने त्यालाही ४८० न्यूटनपर्यंत घर्षण मिळते. मग कमरेला एकट्याने मिठी मारून काय साधणार? दोघांचे बल एकमेकांना खाऊन टाकते आणि चढाईपटू वेगाच्या जोरावर रेषेपर्यंत पोचतो. म्हणून मध्यभागी साखळी करतात. हात गुंफलेले दोन गडी म्हणजे दुप्पट वजन, दुप्पट घर्षण.

कोपऱ्यातल्या गड्याला बहुधा साखळीची सोय नसते. तो खाली वाकून घोटा धरतो आणि पाय उचलून घेतो. येथे तो चढाईपटूला थांबवत नाही, तर त्याचा जमीन रेटण्याचा हक्क काढून घेतो. एक पाय हवेत आणि गुरुत्वमध्य वेगाने पुढे, अशा अवस्थेत उरलेल्या पायाभोवती आघूर्ण निर्माण होते आणि माणूस पुढे कोसळतो.

मात्र कोसळताना त्याचा हात पुढे असतो! पावणेदोन मीटर उंचीचा माणूस हात लांबवून पडला, तर घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंत दोन मीटरांहून अधिक अंतर व्यापतो. म्हणून घोट्याची पकड मध्यरेषेपासून तीन-चार मीटर आत झाली तरच ती सुरक्षित. निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते हे ध्यानात घ्या. कोपरारक्षकाने आतच धरावे आणि निसटलेला गडी मध्यरक्षकांनी अडवावा, ही विभागणी कोणा पंडिताने ठरवलेली नाही. ती या अंतरातूनच आली आहे.

प्रतिक्रिया-काळही मोजता येतो. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा, खालच्या टोकाशी बोटे उघडी ठेवा, आणि त्याने न सांगता सोडताच पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर s = ½gt² वरून काळ ०.२० सेकंद येतो. १५ सेंटिमीटर घसरली तर ०.१७ सेकंद. वर्गातील वेगवान आणि मंद मुलांतला फरक बहुधा सेकंदाच्या काही शतांशांचाच निघेल. चांगला बचावपटू या शतांशांवर जगत नाही. चढाईपटूचे खांदे आणि पाय पाहून तो आधीच ओळखतो. ते पट्टीने मोजता येत नाही.

पुणेरी पलटणचा धडा

व्यावसायिक कबड्डीत हीच पारख कोट्यवधींची होते. ऑक्टोबर २०२३ मधील लिलावात पुणेरी पलटणने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. त्या हंगामात त्याने २४ सामन्यांत ९९ पकड-गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून पुण्याने प्रथमच विजेतेपद मिळवले. पुढच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच, बालेवाडीला, हरियाणाने पाटण्याला ३२–२३ असे हरवून करंडक उचलला. पुणेरी पलटण पहिल्या सहांतही नव्हती.

‘शादलुई जेथे, विजय तेथे’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण प्रयोगात एका वेळी एकच राशी बदलायची असते, आणि येथे दोन बदलल्या. त्याच हंगामात पुण्याचा कर्णधार, अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. घसरणीतला कोणता वाटा कोणाचा, हे एका हंगामावरून वेगळे काढता येत नाही. शिवाय ९९ गुण हे एकट्याच्या हातांचे नव्हते. उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री आणि उजव्या मध्यात अबिनेश नादराजन उभे असताना चढाईपटूला डावीकडे वळावे लागते. वळवणाऱ्याच्या खात्यात गुण लिहिला जात नाही.

२०१८ च्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने एका हंगामात १०० पकड-गुण प्रथम केले. २०१९ मध्ये त्याला शंभरी गाठता आली नाही. याला लोक लगेच ‘फॉर्म गेला’ म्हणतात. विक्रमी हंगामात कौशल्याबरोबर योगाचाही वाटा असतो, आणि योग पुढच्या वर्षी परत येईलच असे नाही. १२ पैकी ८ छापे पाडणाऱ्या मुलाला पुन्हा नाणे उडवायला सांगून पाहा.

उद्याचे गडी

चौदा वर्षांखालील मुलांची निवड हा तर याहून नाजूक विषय. वयोगटाची सीमा १ जानेवारीला असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातील डिसेंबरच्या मुलाहून जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे कितीतरी किलो वजन. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील बर्फावरच्या हॉकीत हे दाखवून दिले : वरच्या दर्जाच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार अधिक आणि शेवटच्या महिन्यांतले फार थोडे होते. मोठ्या मुलाला आधी निवडतात, मग त्यालाच शिक्षण मिळते, सामने मिळतात, आणि मग तो खरोखरच सरस होतो. आपल्या शाळेच्या संघातील मुलांचे जन्ममहिने लिहून काढा. (वडिलांच्या पिढीचे मात्र काढू नका, गुरुजींच्या कृपेने त्यांच्यातले पुष्कळ जण १ जूनलाच जन्मले आहेत.)

राहिली अ आणि ब यांची गोष्ट. अ तालुक्याला बरा खेळला. निवड चुकली असे मी म्हणत नाही. दोघांत सरस कोण हे त्या वहीवरून ठरत नव्हते आणि आजही ठरत नाही. जी खात्री आकड्यांत नव्हती ती माझ्या आवाजात होती, एवढेच. ब ला मी हे सारे सांगितले. तो आता गावच्या संघात डावा कोपरा सांभाळतो. गेल्या मंडईत सामना संपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला, वही मागितली, आपल्या नावाचे पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “सर, ज्या पकडी मी जानूनच सोडल्या, त्या कुठी लिवल्या?”

त्या कोठेच लिहिल्या नव्हत्या. तिसऱ्या चढाईत गुण न मिळवता परतणारा चढाईपटू बाद होतो. अशा वेळी हात आवरून रेषेवर उभे राहणे हीही पकडच असते. त्याच पानावर, त्याच्यासमोर, मी पट्टीने एक नवा रकाना आखला.