निरभ्र आकाशाखालील खवळलेला समुद्र
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी भूगोलाचा एक पाठ)



वादळ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे काळे ढग, विजा आणि मुसळधार पाऊस उभा राहतो. आकाश निवळले की वादळ सरले, अशी त्यांची समजूत असते व शेतावरच्या अनुभवाने ती दृढ होते. समुद्राच्या बाबतीत मात्र ही समजूत घातक ठरू शकते. हिवाळ्यात उष्ण समुद्रांवर येणारी शीत लाट आकाश स्वच्छ करीत येते आणि त्याच स्वच्छ आकाशाखाली नौका बुडतात. हे कसे घडते, ते कार्यकारणभावासह मुलांना उमगावे, हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय. उदाहरणादाखल मेक्सिकोचे आखात घेतले आहे.

प्रस्तावना

प्रथम जगाच्या नकाशात मेक्सिकोचे आखात दाखवावे. त्याच्या उत्तरेस अमेरिकेची संयुक्त संस्थाने, पश्चिमेस व दक्षिणेस मेक्सिको आणि आग्नेयेस क्यूबा बेट आहे. त्यानंतर उत्तर अमेरिकेच्या प्राकृतिक नकाशाकडे मुलांचे लक्ष वेधावे व विचारावे, ‘कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशापासून या आखातापर्यंत येताना वाऱ्याला आडवा पर्वत कोणता लागतो?’ मुले शोधतील व सांगतील की असा पर्वत नाही. रॉकी पर्वताची रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे; ती वाऱ्याला अडवीत नाही, उलट तिच्या पूर्वेकडील विस्तीर्ण मैदान हा वाऱ्याचा राजमार्गच बनतो. आपल्या देशाच्या उत्तरेस हिमालय पूर्व-पश्चिम उभा आहे, म्हणून मध्य आशियातील अतिशीत हवा सरळ आपल्यावर कोसळत नाही. ही तुलना केल्यास हिमालयाचे महत्त्वही मुलांच्या मनावर सहज बिंबेल.

विषयप्रतिपादन

हिवाळ्यात कॅनडावरील हवा अत्यंत थंड व जड होते. ही जड हवा दक्षिणेकडे सरकू लागली की वाटेतील उबदार, हलक्या हवेच्या खाली पाचरीसारखी शिरते व तिला वर ढकलते. थंड हवेच्या या पुढे सरकणाऱ्या कडेस शीत सीमापृष्ठ असे म्हणतात. वर ढकललेल्या दमट हवेतून ढग बनतात, सरी कोसळतात, कधी गडगडाट होतो.

आखातात असलेल्या खलाशाला हा प्रसंग कोणत्या क्रमाने दिसतो, ते फळ्यावर लिहावे. (१) आरंभी दक्षिणेकडून उबदार, दमट वारा वाहतो व वायुभारमापकातील पारा उतरू लागतो. (२) वायव्येच्या क्षितिजावर ढगांची रांग दिसते. (३) ती माथ्यावर येताच सोसाट्याच्या झोतासह वारा एकाएकी दिशा पालटून वायव्येकडून किंवा उत्तरेकडून वाहू लागतो. (४) हवा झपाट्याने गार होते, पारा चढतो, ढग पांगतात व आकाश निळेभोर होते. येथे नवखा मनुष्य फसतो. कारण पाऊस थांबला तरी वारा थांबलेला नसतो. तो पुढे एक-दोन दिवस जोरात वाहत राहतो. या वाऱ्यास अमेरिकेत ‘नॉर्दर’ व मेक्सिकोत ‘नॉर्ते’ म्हणतात. दोन्ही नावांत उत्तर दिशाच आहे. नोव्हेंबर ते मार्च हा त्याचा मुख्य काळ होय. ताशी ३४ सागरी मैल, म्हणजे सुमारे ६३ किलोमीटर, ही सागरी झंझावाताची मर्यादा मानतात. जोराचा नॉर्दर ती सहज ओलांडतो.

हाच वारा जमिनीवर तुलनेने सौम्य व समुद्रावर अधिक उग्र का असतो? एक कारण उघड आहे: समुद्रावर झाडे, घरे, टेकड्या यांचा अडथळा नाही. दुसरे कारण मुलांच्या नित्य पाहण्यातले आहे. हिवाळ्यात पहाटे चुलीचा धूर गावावर संथपणे पसरून राहतो, वारा जवळजवळ नसतोच; दुपारी मात्र जमीन तापली की वाऱ्याचे झोत येतात, वावटळी उठतात. याचे कारण असे की, तापलेल्या जमिनीलगतची हवा वर चढते व उंचावरील वेगवान हवा तिच्या जागी खाली येते. आखातावर नेमके हेच घडते. पाण्याचे तापमान, विशेषतः आखाताच्या मध्यभागी, ऐन हिवाळ्यातही सुमारे २४ ते २६ अंश सेल्सियस असते. त्यावर आलेली थंड हवा तळापासून तापते व उंचावरील वेगवान वारे पृष्ठभागापर्यंत खाली ओढले जातात. जमीन रात्री निवते. समुद्र निवत नाही. म्हणून हे झोत रात्रंदिवस चालू राहतात.

लाटांची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो तो काळ, आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहतो ते अंतर. लुइझियानाच्या किनाऱ्यापासून युकातानच्या किनाऱ्यापर्यंत आठशे किलोमीटरांहून अधिक मोकळे पाणी आहे. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे अंकगणिताच्या तासालाही सांगता येईल.

सर्वांत धोक्याची जागा फ्लोरिडा व क्यूबा यांच्यामधून जाणाऱ्या प्रवाहात असते. आखातातील उष्ण पाणी तेथून बाहेर पडते व फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे वाहते. पृष्ठभागावर त्याचा वेग ताशी सुमारे सहा किलोमीटर असतो. पाणी उत्तरेकडे व वारा दक्षिणेकडे, असा सामना जुंपला की लाटा परस्परांच्या जवळ येतात, आखूड व उभ्या होतात आणि कोसळू लागतात. लहान नौकेला एका लाटेतून सावरण्यापूर्वीच दुसरी गाठते.

थंड हवेचा हा ओघ आखातापाशीच संपतो असे नाही. दक्षिण मेक्सिकोत तेहुआन्तेपेक येथे डोंगररांगेत एक खिंड आहे. तीतून ही हवा नळीतून निघावी तशी पॅसिफिक महासागरावर जाते. तेथे तिला ‘तेहुआनो’ म्हणतात. तिच्या जोराने वरचे उष्ण पाणी दूर लोटले जाते, खालचे थंड पाणी वर येते व समुद्राचे तापमान कित्येक अंशांनी उतरते.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. १९९३ च्या मार्चमध्ये, १२ ते १४ तारखांच्या दरम्यान, मेक्सिकोच्या आखातात एक प्रचंड हिवाळी वादळ उठले. त्याच्या शीत सीमापृष्ठामागून आलेल्या वाऱ्याने फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी समुद्राचे पाणी तीन मीटरांहून अधिक चढले. जहाजे व नौका बुडाल्या, माणसे दगावली. तटरक्षक दलाने समुद्रातून दीडशेहून अधिक जणांना वाचविले.

प्रयोग व निरीक्षण

(अ) काचेच्या पसरट भांड्यात कोमट पाणी घ्यावे. दुसऱ्या भांड्यातील अतिथंड पाण्यात निळी शाई मिसळून ते कडेने हळूच ओतावे. निळे पाणी तळाशी पाचरीसारखे सरकताना दिसेल. हेच शीत सीमापृष्ठाचे रूप.

(आ) कडाक्याच्या थंडीत सकाळी मुलांना विहिरीपाशी न्यावे. पाण्यावरून वाफा निघताना दिसतील. पाणी ऊबदार व हवा थंड असली म्हणजे असे होते. थंड हवा उष्ण समुद्रावर आली असता अशीच वाफ उठते. विहिरीच्या काठापासून मुलांना दूर उभे करावे.

आपल्या किनाऱ्याशी संबंध

कोकणातील शाळांतून हा पाठ विशेष काळजीने शिकवावा. इराणच्या आखातातही हिवाळ्यात शीत सीमापृष्ठे येतात व त्यांच्यामागे ‘शमाल’ वारा सुटतो. या अरबी शब्दाचा अर्थही उत्तर असाच आहे. या वाऱ्याने उठलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचतात, हे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. अर्थात वारा तिकडे आणि लाटा इकडे! आपल्या गावी वारा पडलेला, ऊन लख्ख पडलेले, तरीही वायव्येकडून लांब लाटा येत राहतात. हवामान खाते मच्छीमारांसाठी इशारे देते व हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचा अंदाज प्रसिद्ध करते. ज्या मुलाचा बाप पहाटे होडी लोटतो, त्याला तो इशारा वाचता येणे आणि त्यामागचे कारण घरी सांगता येणे, हेच या पाठाचे खरे फळ होय.

स्वाध्याय

१. पारा चढत असता व आकाश निवळले असताही नॉर्दरमध्ये नौका धोक्यात का असते?
२. हिमालय उत्तर-दक्षिण असता, तर आपल्या हिवाळ्यात काय फरक पडला असता?
३. ओढ्याच्या प्रवाहाविरुद्ध वारा वाहताना पाण्याच्या पृष्ठभागाचे निरीक्षण करा व पाच ओळी लिहा.
४. एक आठवडाभर सकाळी व दुपारी धुराची दिशा व वाऱ्याचा जोर यांची नोंद ठेवा. दोहोंतील फरकाचे कारण सांगा.