धक्क्यावर जाण्याआधी तिथी बघा

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत आहे ना तुम्हा पोरांचा? मग मोबाइलवर हवामान बघून झालं की भिंतीवरच्या कालनिर्णयाकडेही नजर टाका. धक्क्यावर घड्याळ चालतं ते पाण्याचं.

आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा. शुक्ल असो वा वद्य, तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, बारशीला नऊला. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आता अमावास्या-पौर्णिमेचं बघा. भरती दुपारी बाराला, म्हणजे संध्याकाळी सहाला सुकती, तीही उधाणाची. नेमक्या परतायच्या वेळी रेवसच्या खाडीत पाणी नाही, नुसता गाळ. लाँच रुतते, नाहीतर सुटतच नाही. म्हणून अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस धरा. तेव्हा भांग असतो, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही आणि संध्याकाळी भरती तुमच्या बाजूने.

रविवार धरलात तर हार्बरचा मेगाब्लॉक आदल्या रात्रीच बघून ठेवा. डॉकयार्ड रोडला उतरा, तिथून टॅक्सी करा. पायात रबरी चपला घाला. धक्क्यावर मासळीचं पाणी वाहत असतं, चामड्याच्या बुटांची वाट लागते.

मासळी आणि लाँच दोन्ही एकाच दिवशी नको. मासळी घ्यायची तर पहाटे जा, बर्फ घालून घ्या आणि सरळ घरी या. मोठा लिलाव व्यापाऱ्यांचा, त्यात घुसू नका. कडेला वाटे लावून बसलेल्या मावशीकडून घ्या. कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. अंगठ्याने दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे. खड्डा राहिला तर पुढे चला. चिंबोऱ्या अवसेच्या भरलेल्या असतात असं म्हणतात. मी मात्र हातात घेऊन वजनच बघतो, पोकळ असेल तर लगेच कळतं. आणि मावशीची भवानी व्हायची असेल तर घासाघीस करू नका. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा ताज्याची आशा धरू नका.

लाँचमध्ये चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी खांद्याला. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, त्यामुळे सुकतीला लाँच खूप खाली असते. पायऱ्यांचा वरचा भाग कोरडा, पांढरट दिसतो. जिथून हिरवं सुरू होतं तिथे शेवाळ, एकेक पाऊल जपून. लाँच वर उचलली जाते तेव्हाच पाय टाका, खाली जाताना नाही. खलाशी हात पुढे करतो तो धरा, त्यात लाज कसली?

एकदा बसलात की बसलात. डॉल्फिन दिसला, फोटो काढायचाय, काही असो, सगळे एका बाजूला धावू नका. १७ जुलै १९४७ ला, अवसेच्या दिवशी, ‘रामदास’ बोट याच धक्क्यावरून रेवसला निघाली होती. काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटेने ती कलली, घाबरलेले उतारू एका अंगाला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबागच्या बाजूची कितीतरी घरं त्या दिवशी उघडी पडली.

रेवसला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची लाँच किती वाजता ते विचारा, मगच अलिबागची एसटी पकडा. उन्हाळा असेल तर पांढऱ्या कांद्याची माळ घ्यायला विसरू नका.

आणि तांडेल ‘आज नाही’ म्हणाला, तर हुज्जत घालू नका. तिकीट दाखवू नका, सोमवारचं ऑफिस सांगू नका. पेणवरून एसटीने या, उशीर होईल, होऊ दे. ज्याला रोज पाण्यावर जायचंय त्याच्या शब्दापुढे आपली घाई लहान.