तुटण्याआधी इशारा देणारे लॅमिनेट

भिलाईच्या मरोदा सेक्टरात जवळपास प्रत्येक घरातले कोणी ना कोणी पोलादावर जगले आहे. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून इथल्या माणसाला पोलादाचा स्वभाव ठाऊक आहे. साधे बांधकामी पोलाद तुटण्याआधी वीस टक्क्यांहून अधिक लांबते, मध्ये बारीक होते, सावध व्हायला वेळ देते. कार्बन-इपॉक्सीची पट्टी मात्र दीड-दोन टक्क्यांवर फटकन जाते. कार्बनच्या जोडीला काचेचे तंतू घालून तिलाही सावकाश हार मानायला लावता येते. प्रोजेक्टसाठी अशा पट्ट्या करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

काय करावे

• कार्बन मधे, काच बाहेर. कार्बन कमी लांबतो म्हणून आधी तुटतो. तुटलेल्या जागी त्याचा भार काचेने पेलायचा असतो. काच टिकली आणि थर सुटले नाहीत, तर कार्बनचे जागोजागी लहान तुकडे पडत जातात आणि पट्टी हळूहळू नरमते.

• कार्बनचा थर पातळ ठेवा. सगळे यश इथेच आहे. हिशेब करून पाहा: मधे ०.०६ मिमी कार्बन (०.०३ मिमीचे दोन थर), दोन्ही बाजूंना ०.३ मिमी एस-ग्लास (जास्त मजबूत काचतंतू). कार्बनची ताठरता १०० गिगापास्कल, काचेची ४५, आणि कार्बन १.८ टक्क्यांवर तुटतो असे धरा. तुटताना थर सोडवू पाहणारी ऊर्जा येते सुमारे ०.६ न्यूटन प्रति मिमी. चांगल्या इपॉक्सीचा जोड साधारण १ पर्यंत सोसतो, म्हणजे निभावते. आता कार्बन चौपट, ०.२४ मिमी करा. ऊर्जा सहापट होऊन ३.७ वर जाते आणि पहिल्याच तड्याला थर उलगडतात. काचेलाही त्या जागी एकदम ३.४ टक्के ताणावे लागते. तिथून ती परत येईल याचा भरवसा नाही.

• काच पारदर्शक राहू द्या, वरून रंग लावू नका. कार्बनचे तुकडे पडू लागले की काळ्या पृष्ठावर आडवे फिकट पट्टे उमटतात. टॉर्च तिरकी धरा, स्पष्ट दिसतात. किती ताण येऊन गेला, हे पट्टी स्वतःच दाखवते.

• ओढण्याच्या चाचणीत दोन्ही टोकांना टॅब, म्हणजे पकडीसाठीचे तुकडे, चिकटवा. पकडीतच पट्टी चिरडली, तर आकडा पकडीचा येतो, लॅमिनेटचा नाही.

• बोल्ट लावायचा असेल तर पोलाद आणि कार्बन यांच्यामध्ये काचेचा थर राहू द्या. ओल लागली की कार्बनच्या संगतीत पोलाद लवकर गंजते.

काय टाळावे

• फ्रीझरमधून काढलेले प्रीप्रेग (इपॉक्सीत आधीच भिजवलेले तंतूंचे थर) लगेच उघडू नका. ही चूक माझीच आहे. जुलैतली दमट सकाळ होती, मला घाई होती. उणे १८ अंशांवरची पिशवी अर्ध्या तासात फोडली आणि थरावर दव धरले. फडक्याने पुसून मी तसेच रचले. चाचणीत एकही पट्टा उमटला नाही, थर कागदासारखे सुटले. तेव्हापासून बंद पिशवीतच रात्रभर खोलीच्या तापमानाला येऊ देतो.

• कार्बन थोडा उशिरा तुटला की सगळे श्रेय जोडीला देऊ नका. १२५ अंशांवर पकवून गार होताना काच आकसते, कार्बन जवळजवळ नाही. त्यामुळे कार्बन आधीच किंचित दाबला जातो. तेवढे ०.०५ टक्के वजा करा, मग उरलेल्याबद्दल बोला.

• ओढण्याच्या चाचणीवरून दाब, वाक आणि वारंवार येणारा भार यांचे अंदाज बांधू नका. प्रत्येकाची वेगळी चाचणी घ्या.

• या पट्टीला ‘पोलादासारखी’ म्हणू नका. भार काढला की पोलाद लांबलेलेच राहते. ही पट्टी बऱ्याच अंशी मूळ लांबीवर येते, फक्त ताठरता गमावून. एकदा पट्टे उमटले की जुन्या ताठरतेवर काही बेतू नका.

• एका पट्टीवर निकाल देऊ नका. किमान पाच ओढा.

हे स्वप्नरंजन नाही. २०१३ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या चेल आणि विस्नॉम यांनी काचेच्या थरांत पातळ कार्बन घालून हे करून दाखवले. काचेचे तंतू आपल्याकडे गोव्यात कोलवाळला होतात. पातळ कार्बन महाग आहे, पण एका पट्टीला तो बोटभर लागतो. या पावसाळ्यानंतर, हवा कोरडी झाली की, पहिल्या पाच पट्ट्या करा.