स्लो न धरणारी गाडी : मूळ कारण शोधण्याचा धडा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. भोरगिरीकडच्या एका वाडीतून आमच्या आरोग्यसेविका ताई मोटरसायकलवर राजगुरुनगरला निघाल्या होत्या. मागे एक आजोबा, आणि त्यांच्या कुशीत तापाने फणफणलेला नातू. वाड्याच्या अलीकडे एका उतारावर ताईंनी रेस सोडली आणि इंजिन गप्प झाले. किक मारून मारून त्यांचा पाय भरून आला, गाडी काही सुरू होईना. मुसळधार पावसात दीड तास गेला, तेव्हा दुधाची एक गाडी आली आणि मुलाला दवाखान्यात घेऊन गेली. मूल बरे झाले, आता शाळेत जाते. पण तो दीड तास माझ्या खात्यावर आहे. कारण वीस दिवसांपूर्वी त्याच गाडीचा स्लो मी वाढवून दिला होता.

मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सव्वीस वर्षे फिटर म्हणून काम केले. आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात दुचाकी म्हणजे घरचाच विषय. आकुर्डीत स्कूटर घडल्या, १९९९ पासून चाकणला मोटरसायकली बनू लागल्या, आणि त्यांचे सुटे भाग करणारे छोटे कारखाने गल्लोगल्ली आहेत. याच चाकणपासून वायव्येला खेड, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. तिथे एसटी दिवसातून एखाद-दोन वेळा जाते. कार्यकर्त्यांना मोटरसायकलच लागते. त्या गाड्या मी दुरुस्त करून देतो. तरीही माझी चूक झाली. ती कशी झाली आणि खरे तर काय करायला हवे होते, ते या लेखात सांगतो.

स्लो म्हणजे काय

गाडी उभी असताना, रेस न देता इंजिन ज्या गतीने चालू राहते त्याला आपण स्लो म्हणतो. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत ही गती मिनिटाला साधारण १,४०० फेरे असते. आवाज एकसारखा हवा. तो वरखाली होत असेल, इंजिन मधेच गचके देत असेल किंवा सिग्नलला बंद पडत असेल, तर स्लो बिघडला आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. कार्बोरेटरच्या गाडीत रेस बंद असताना पेट्रोल मोठ्या वाटेने येत नाही. ते स्लो जेट नावाच्या लहानशा पितळी नळीतून येते. तिचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. रेस दिली की मोठा जेट काम करू लागतो. म्हणून कचऱ्याचा एखादा कण किंवा पाण्याचा थेंब अडकला, तर गाडी रस्त्यावर छान पळते आणि थांबल्यावर रडते. हवेचेही तसेच. इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर असेल तर वेगात ती जाणवत नाही, कारण त्या वेळी हवा भरपूर आत येत असते. स्लोवर मुळात हवा थोडी, त्यात चिरेतून आलेली जादा हवा मिश्रण बिघडवते.

माझी चूक

ताई म्हणाल्या, "दादा, गाडी थांबली की बंद पडते." मी घाईत होतो. स्लोचा स्क्रू अर्धा फेरा पिळला, इंजिन जोरात वाजू लागले, आणि "झाली गाडी" म्हणून सांगितले. तो स्क्रू पिळल्याने रेस किंचित उघडी राहते, एवढेच. अडकलेला जेट अडकलेलाच राहतो, फक्त त्याची उणीव दिसेनाशी होते. पुढे वाटीत पाणी आणखी साचले आणि जेट पूर्ण बुजला, तेव्हा ती उघडी फट पुरेशी ठरली नाही. आणि थंड झालेले इंजिन सुरू करायलाही हाच जेट लागतो. म्हणून किक मारून उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाशी पाण्याचे थेंब होते आणि पांढरा चुनखडीसारखा थर होता. स्लो जेट उजेडाकडे धरला तर आरपार काही दिसेना. शिवाय हवेच्या रबराला खालच्या बाजूने चीर होती. वीस दिवसांपूर्वी अर्धा तास दिला असता तर हे सगळे तेव्हाच सापडले असते.

शोध कसा घ्यावा

नियम साधा आहे : आधी फुकटची तपासणी, मग स्वस्तातली, शेवटी खर्चाची. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. काम मोकळ्या हवेत करा. जवळ विडी-काडी, दिवा नको.

१. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. आवाज वाढला तर दोष रेसच्या केबलमध्ये आहे. केबल ताणलेली किंवा चुकीच्या जागेतून नेलेली असते. मुठीला थोडी ढील हवी.

२. एअर फिल्टर काढून पाहा. आमच्या मातीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. भरलेल्या फिल्टरमुळे हवा कमी पडते आणि गाडी काळा धूर सोडते.

३. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसते. भीमाशंकरच्या बाजूला चार महिने दमट हवा, त्यात टाकी अर्धी रिकामी. म्हणून पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवा. कॉक रिझर्ववर असताना पेट्रोल टाकीच्या अगदी तळातून येते, हेही ध्यानात असू द्या.

४. प्लग काढून रंग पाहा. चहाच्या रंगाचा असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जादा. पांढराफटक असेल तर हवा जादा. तेलकट ओला असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे, आणि ते काम मिस्त्रीचे. प्लगची फट साधारण ०.७ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

५. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावर ब्रशने साबणाचे पाणी लावा. प्लगच्या वायरीवर पाणी जाऊ देऊ नका. पाणी लावताच इंजिनाचा आवाज बदलला, तर तिथून हवा ओढली जाते आहे. रबर किंवा गॅस्केट बदला. ते चिकटपट्टीने टिकत नाही.

६. एवढ्यावरही दोष राहिला तर स्लो जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करा. त्यात तार घालू नका. भोक मोठे झाले तर जेट फेकावा लागतो.

७. यानंतरच स्क्रूला हात लावा. इंजिन दहा मिनिटे गरम होऊ द्या. मिश्रणाचा स्क्रू आधी किती फेरे उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा. मग तो हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवून इंजिन सर्वांत सुरळीत कुठे चालते ते शोधा. शेवटी स्लोच्या स्क्रूने गती जागेवर आणा.

८. तरीही गचके राहिले तर टॅपेटची फट तपासून घ्या. ती थंड इंजिनावरच मोजतात.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. अशा गाडीत हवा, प्लग, बॅटरी आणि रबर एवढे आपण पाहावे. इंजिनाचा दिवा पेटत असेल तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये न्यावी. स्क्रू शोधत बसू नये.

आमच्याकडे आता काय बदलले

पूर्वी कार्यकर्ते गाडी आणून सोडत आणि मी दुरुस्त करून देत असे. आता प्रत्येक गाडीच्या सीटखाली एक स्क्रूड्रायव्हर, प्लगपाना, जुना पण चांगला प्लग आणि रिकामी बाटली असते. पहिल्या चार पायऱ्या मी सर्वांना शिकवल्या आहेत. ताईंना तर स्वतःच्या हाताने वाटी रिकामी करायला लावली. पहिल्या वेळी पेट्रोल बाहीवर सांडले, दुसऱ्या वेळी नाही. दर शनिवारी त्या बाटली उजेडात धरून पाहतात आणि वहीत लिहितात : पाणी आहे, की नाही.

आपल्यापैकी काही जण वापरलेली मोटरसायकल कामासाठी देतात. त्यांना एक विनंती. देण्याआधी गाडी गरम करून पाच मिनिटे रेस न देता उभी ठेवा आणि नुसते ऐका. आवाज वरखाली होत असेल तर स्क्रू पिळून लपवू नका. चिठ्ठीवर लिहून हँडलला बांधा : "थांबल्यावर बंद पडते." आम्ही शोधून काढू. चिठ्ठी असली की ते काम गाडी डोंगरात जाण्याआधी होते.