बुद्ध्यंक : माप कशाचे आणि कशासाठी?

शाळेचा निकाल लागला की घराघरांतून दोन शब्द हमखास ऐकू येतात. हा हुशार आणि तो 'ढ'. काही पालक मुलाचा 'आय. क्यू.' काढून आणतात आणि तो आकडा जन्मपत्रिकेसारखा जपून ठेवतात. या आकड्याचा अर्थ काय, तो कसा काढतात आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम व्याख्या पाहू. बुद्धिमत्ता म्हणजे काय, यावर मानसशास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी योग्य निर्णय घेण्याच्या शक्तीला महत्त्व दिले. अमेरिकेतील टर्मन यांनी अमूर्त विचार करण्याच्या क्षमतेला दिले. हेतुपूर्वक वागणे, विवेकाने विचार करणे आणि परिस्थितीला समर्थपणे तोंड देणे या सर्वांचा समावेश वेश्लर यांनी केला. इंग्लंडच्या स्पिअरमन यांनी १९०४ साली असे मांडले की, सर्व बौद्धिक कामांच्या मुळाशी एक सामान्य घटक असतो व त्याच्या जोडीला त्या त्या कामाचे विशिष्ट घटक असतात. याउलट थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात प्राथमिक क्षमता सांगितल्या. त्यांत भाषा, संख्या, स्मरण, तर्क इत्यादींचा समावेश होतो.

आता मापनाकडे वळू. १९०४ साली फ्रान्स सरकारने एक समिती नेमली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले ओळखावीत आणि त्यांच्या विशेष शिक्षणाची सोय करावी, हा तिचा हेतू होता. या कामातून १९०५ मध्ये बिने व त्यांचे सहकारी सायमन यांची ३० प्रश्नांची पहिली कसोटी तयार झाली. १९०८ च्या सुधारित कसोटीत 'मानसिक वय' ही कल्पना आली. आठ वर्षांची सर्वसाधारण मुले जे प्रश्न सोडवतात, ते ज्याला सुटले त्याचे मानसिक वय आठ.

परंतु दोन वर्षांची पिछाडी चौथ्या वर्षी जेवढी गंभीर, तेवढी चौदाव्या वर्षी नसते. म्हणून १९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागावे असे सुचवले. १९१६ मध्ये टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. उदाहरणार्थ, मुलगी ८ वर्षांची आणि तिचे मानसिक वय १०, तर बुद्ध्यंक १२५. प्रौढांना मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण वयाबरोबर मानसिक वय सतत वाढत राहत नाही. म्हणून वेश्लर यांनी १९३९ पासून निराळी पद्धत आणली. त्याच वयोगटातील इतरांशी तुलना करायची आणि सरासरी १०० धरायची. या पद्धतीत सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. म्हणजे बुद्ध्यंक हा वजनासारखा स्वतंत्र आकडा नसून समूहातील स्थान दाखवणारा आकडा आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी या कसोटीचे रूपांतर केले. ते 'बिने-कामत कसोटी' म्हणून प्रसिद्ध आहे. केवळ भाषांतराने भागत नाही, तर प्रश्न आपल्या मुलांवर अजमावून नवी प्रमाणके ठरवावी लागतात, हा त्यातला धडा आहे.

हा धडा विसरला की काय घडते, याचे उदाहरण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत सुमारे १७ लाख सैनिकांची चाचणी झाली. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रांची चाचणी होती. तिच्यात टेनिसच्या मैदानावर जाळे नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, हे ओळखायचे होते. ज्याने या वस्तू कधी पाहिल्याच नाहीत, त्याने काय ओळखावे? तरीही १९२३ मध्ये ब्रिगहॅम यांनी या गुणांवरून दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक जन्मतःच कमी बुद्धीचे ठरवले. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच हे निष्कर्ष चुकीचे असल्याचे मान्य केले. तोवर १९२४ चा कायदा होऊन त्याच लोकांना अमेरिकेचे दरवाजे बरेचसे बंद झाले होते. 'तुमच्यात बुद्धीच नाही' असे एखाद्या समूहाला जन्मावरून सांगण्याचे दुःख आपल्या वाचकांना निराळे समजावून सांगायला नको.

पुढे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, अमेरिकेत दर दहा वर्षांनी सरासरी गुण सुमारे ३ ने वाढत गेले. इतक्या थोड्या काळात माणसाचे रक्त बदलत नाही. शाळा, आहार, राहणीमान आणि विचार करण्याच्या सवयी मात्र बदलतात. व्यक्तिव्यक्तींतील फरकात अनुवंशाचा वाटा असतो, हे संशोधनाने दाखवले आहे. परंतु त्यावरून समूहासमूहांतील फरकही जन्मजात आहे असे सिद्ध होत नाही.

आमचा एक छोटा अनुभव सांगतो. बँकेच्या भरतीसाठी तर्कशक्तीचे प्रश्न प्रथम सोडवायला घेतले, तेव्हा निम्मेही सुटेनात. घरी ना कोणी सांगणारे, ना पुस्तक. मग एका मित्राचे गाईड आणून रोज पहाटे सराव केला. सहा महिन्यांत तेच प्रश्न सुटू लागले. आमची बुद्धी काही दुप्पट झाली नव्हती, प्रश्नांची ओळख झाली होती. ती ओळख ज्यांना लहानपणापासून मिळते आणि ज्यांना मिळत नाही, त्यांचे गुण एकाच मापाने वाचणे योग्य नव्हे.

याचा अर्थ चाचण्या टाकाऊ आहेत असा नाही. शालेय यशाचा अंदाज त्या बऱ्यापैकी देतात. मूल कुठे अडते हे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाला त्यांतून कळते व वेळीच मदत देता येते. पण चिकाटी, प्रामाणिकपणा, कल्पकता, माणुसकी यांचे माप त्यांत नसते. बुद्धी ठरलेली असते व ती वाढत नाही, या मताला खुद्द बिने यांचा विरोध होता. लक्ष, स्मरण व निर्णयशक्ती सरावाने सुधारते, असे ते मानत.

तेव्हा पालकांना एवढीच विनंती की, मूल मागे पडत असेल तर आधी त्याचे डोळे व कान तपासून घ्या, त्याला अभ्यासाला जागा द्या, त्याच्याजवळ रोज अर्धा तास बसा. चाचणी जरूर करून घ्या, पण पुढे काय करायचे हे कळण्यासाठी. 'ढ' हे बाराखडीतले एक अक्षर आहे. ते मुलाच्या कपाळावर लिहू नका.