शेततळ्यास अस्तर : केव्हा घालावे व कसे घालावे

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान पाऊस कमी पडल्याने जितके होते, तितकेच तो अवेळी थांबल्याने होते. अकोल्याकडील सपाट प्रदेशात वर्षाकाठी सरासरी साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील पुष्कळसे पाणी मोजक्या सरींत येते व नाल्यावाटे निघून जाते. पुढे खंड पडला म्हणजे सोयाबीनच्या शेंगा भरत नाहीत, पऱ्हाटीची पाती गळतात आणि तुरीचा फुलोरा झडतो. अशा वेळी एक-दोन संरक्षित ओलिते मिळाली तर हाती आलेले पीक वाचते. शेततळे खोदावयाचे ते यासाठी.

२०१६ साली राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केल्यापासून तळ्यांची संख्या वाढली. त्याबरोबर प्लॅस्टिकचे अस्तर हे प्रत्येक तळ्यास आवश्यकच आहे, असा समजही पसरला. तो बरोबर नाही. अस्तर हे औषधाप्रमाणे आहे. प्रथम जमिनीची परीक्षा करावी, मग खर्चाचा विचार करावा.

जमिनीचे दोन प्रकार

शेततळ्याच्या दृष्टीने अमरावती व अकोला जिल्ह्यांत जमिनीचे ठळक असे दोन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा होय. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर आदी तालुक्यांचा कमी-अधिक भाग यात मोडतो. बुलढाणा जिल्ह्यातील भाग धरून या पट्ट्याचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर भरते. येथे विहीर खोदली तरी पाणी बहुधा खारेच लागते, व ते पिकास वारंवार दिल्यास जमीन चोपण होते. म्हणून पावसाचे पाणी साठविणे हाच येथे गोड्या पाण्याचा खरा मार्ग आहे. सुदैवाने येथील काळी चिकण माती खोल असून तिच्यातून पाणी फार सावकाश झिरपते. त्यामुळे येथील तळे बहुधा अस्तराशिवायच पाणी धरते.

दुसरा प्रकार बरड, मुरमाड व गोटे-वाळूच्या जमिनींचा. सातपुड्याच्या पायथ्याशी, तसेच पातूर-बार्शीटाकळीकडील डोंगराळ भागात त्या आढळतात. तेथे भरलेले तळे थोड्याच दिवसांत रिकामे होते. पाणी साठवून ठेवावयाचे असल्यास अस्तर येथे उपयोगी पडते. तथापि मुरलेले पाणी वाया गेले असे मानू नये. तळ्याच्या खालच्या अंगास आपली विहीर असेल, तर तेच पाणी विहिरीस मिळते. अशा ठिकाणी अस्तर न घालणेच हितावह ठरू शकते.

सोपी परीक्षा

तळे खोदल्यावर शक्य असल्यास पहिला पावसाळा ते अस्तराशिवाय भरू द्यावे. भरल्यावर पंधरा दिवस थांबावे, म्हणजे काळ्या मातीतील भेगा मिटतात. नंतर पाण्यात खुणा केलेली काठी रोवावी. जवळच उघड्या जागी एक पसरट भांडे काठापर्यंत मातीत पुरून पाण्याने भरावे. पावसाविना गेलेल्या एका आठवड्यात दोन्ही ठिकाणचे पाणी किती उतरले ते मोजावे. भांड्यातील घट ही केवळ बाष्पीभवनाची असते. तळ्यातील घट त्याहून जितकी अधिक, तितके पाणी जमिनीत झिरपले. भांड्यात ३ सेंटीमीटर व तळ्यात ५ सेंटीमीटर घट आली, तर अस्तराचे कारण नाही. तळ्यात २० सेंटीमीटर घट आली, तर अस्तराचा विचार करावा.

पाण्याचा हिशेब

वर ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर व बाजूंचा उतार १:१.५ असलेल्या तळ्याचा तळ २१ × २१ मीटर राहतो. त्यात १,९७१ घनमीटर, म्हणजे जवळजवळ वीस लाख लिटर पाणी मावते. रोज साडेचार मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास ९० दिवसांत सुमारे ३५० घनमीटर पाणी उडून जाते. अस्तर हे बाष्पीभवन थांबवीत नाही, हे ध्यानात ठेवावे. एक एकरास ५ सेंटीमीटरची पाळी देण्यास सुमारे २०० घनमीटर पाणी लागते. तळाशी राहणारे पाणी वगळता हे तळे सात एकरांस एक पाळी, किंवा साडेतीन एकरांस दोन पाळ्या देऊ शकते. तुषार संचाने हेच पाणी अधिक क्षेत्रास पुरते.

तळे भरण्यास वरच्या अंगाचे क्षेत्रही पुरेसे हवे. ७५० मिलिमीटर पावसाचा पाचवा हिस्सा वाहून आला, तर एका हेक्टरातून १,५०० घनमीटर पाणी मिळते. एवढे क्षेत्र नसल्यास तळे लहान करावे. विहिरीचे पाणी उपसून तळे भरणे मात्र टाळावे. भूगर्भात सुरक्षित असलेले पाणी उन्हात आणल्याने ते उडून जाते व शेजाऱ्याची विहीरही आटते. वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात भूजल आधीच खोल गेले आहे.

अस्तराची कृती

१. बाजूंचा उतार १:१.५ पेक्षा उभा ठेवू नये. काळी माती फुगते व ढासळते.

२. दगड, धसकटे व मुळ्या वेचून पृष्ठभाग दाबून गुळगुळीत करावा. त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा.

३. भारतीय मानक १५३५१ प्रमाणे असलेला, ५०० मायक्रॉन जाडीचा कागद घ्यावा. वरील मापाच्या तळ्यास दोन्ही बाजूंची उताराची लांबी व काठावर पुरावयाचा भाग धरून सुमारे ३५ × ३५ मीटर, म्हणजे १,२२५ चौरस मीटर कागद लागतो.

४. कागद सकाळी वा सायंकाळी, ऊन नसताना अंथरावा व किंचित सैल ठेवावा. सांधे उष्णतेने जोडून घ्यावेत.

५. काठापासून अर्ध्या मीटरवर अर्धा मीटर रुंद व तितकाच खोल चर खोदून त्यात कागदाची कड मातीने घट्ट दाबावी.

६. पाणी आत येण्यापूर्वी गाळ बसावा म्हणून लहान खड्डा करावा. तेथून पाणी नळाने आत घ्यावे. जादा पाण्यासाठी सांडवा ठेवावा.

७. पावसाळ्यात भूजल तळाच्या वर येत असेल, तर ते अस्तरास खालून उचलते. अशा जागी अस्तर घालू नये.

सर्वांत महत्त्वाचे

अस्तराचा ओला उतार अत्यंत निसरडा असतो. पाय घसरून आत पडलेला मनुष्य, पोहता येत असले तरी, वर चढू शकत नाही. त्यास वाचविण्यास उतरणाराही बुडतो. अशा दुर्घटनांत मुलांचे जीव गेले आहेत. म्हणून कुंपण घातल्याशिवाय अस्तराच्या तळ्यात पाणी घेऊच नये. रोही व रानडुकरांपासूनही त्यानेच कागद वाचतो. चारही बाजूंस गाठी मारलेले दोर खुंटास बांधून पाण्यापर्यंत सोडावेत आणि हवा भरलेल्या ट्यूब काठावर ठेवाव्यात. कोणी पडल्यास आत उडी न घेता दोर टाकावा, हे घरातील लहानथोरांस प्रत्यक्ष दाखवून शिकवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तळ्याची शिफारस करण्यापूर्वी शेतकऱ्यास चार प्रश्न विचारावेत : माती कोणती? पाणी कोठून येणार? कोणत्या पिकास व केव्हा देणार? आणि कुंपण केव्हा होणार? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच खोदकामाची आखणी करावी.