मराठी नाटकाचे कानडी माहेर

चिंताकीसारख्या सीमाभागातील विद्यार्थ्याला नाटक ही पुण्या-मुंबईची गोष्ट वाटते. इतिहास वेगळे सांगतो. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून तेथील अधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे खेळ रचायला सांगितले. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झाले. दहा वर्षांनी भाव्यांची मंडळी मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात पोहोचली. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ सादर करणारे अण्णासाहेब किर्लोस्करही बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या पदांत कानडी चालीही आहेत. मराठी नाटक शिकवताना हा उगम आधी सांगावा. घरी मराठी आणि बाजारात कानडी बोलणारे मूल मग स्वतःला या परंपरेबाहेरचे मानणार नाही.